एसवायला मेजर कुठला घेऊ? अर्थशास्त्र, इतिहास की मानसशास्त्र (आठ दिवसांत फॉर्म भरायचाय)

खळ्यावरची_चिमणी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतीच वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाव निफाड तालुक्यातलं, शिकायला पुण्यात. बी.ए.चं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. संलग्न कॉलेजांत २०२४ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागलं, त्यातली आमची पहिली बॅच. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (जोडविषय), आणि तिसऱ्याला रामराम. वर ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे पेपर वगैरे, पण ते ऑफिसातल्या बाईच भरून देतात म्हणे.

माझे तीन विषय असे: अर्थशास्त्र, कारण बाबा म्हणाले. मानसशास्त्र, कारण होस्टेलवरच्या सगळ्या घेत होत्या. आणि इतिहास, कारण फॉर्मवरची तिसरी चौकट रिकामी सोडता येत नव्हती. मार्क अनुक्रमे ७१, ७८, ६९. म्हणजे मार्कांवरूनही काही ठरत नाही.

"तुला आवडतं काय?" असं कुणी विचारलं की माझी वाचाच बसते. सगळंच थोडं थोडं आवडतं. आई म्हणते बी.एड. कर आणि गावाजवळच्या शाळेत लाग. मामा म्हणतो एमपीएससी. काल गच्चीवर बसून नाणं उडवलं. छापा आला तरी रडू आलं, परत उडवलं, काटा आला तरी रडूच. आठ दिवसांत फॉर्म द्यायचाय. काहीतरी सुचवा.

सदाशिवेतर

आमच्या वेळी हे मेजर-बिजर नव्हतं. "स्पेशल काय?" असं विचारायचे. एफवायला सगळं जनरल, एसवायला जी-टू आणि त्याच्याबरोबर एस-वन, एस-टू, टीवायला जी-थ्री, एस-थ्री, एस-फोर. जी म्हणजे जनरल, एस म्हणजे स्पेशल. ऐकणाऱ्याला वाटायचं पोरगं रेल्वेच्या डब्याचा नंबर सांगतंय. मी राज्यशास्त्र स्पेशल घेतलं, कारण त्याचं लेक्चर सकाळी ७:२० ला नसायचं. आज माझं प्लायवूडचं दुकान आहे आणि बरं चाललंय. दिवा घ्या.

कळलाव्या

कलाशाखेत कुठलाही विषय घेतला तरी शेवटी विचारणार एकच, "बारावीला कमी पडले होते का?" बी.कॉम. तरी करायचंस.

खळ्यावरची_चिमणी

@कळलाव्या, बारावीला ८४ टक्के होते. कलाशाखाच हवी होती.

फडताळ

कळलाव्यांकडे लक्ष देऊ नकोस गं, ते प्रत्येक धाग्यावर असेच येऊन जातात.

मी ३१ वर्षं कॉलेजात शिकवलं. विषय सांगत नाही, नाहीतर तू म्हणशील बाई आपल्याच दुकानाची जाहिरात करतायत. विषय ठरवताना मुलं दरवर्षी एकच चूक करतात. एफवायला जे शिकवलं त्यावरून निवडतात. एफवायचा अभ्यासक्रम म्हणजे लग्नाच्या जेवणातलं सरबत. तुला पुढे जे जेवायचंय ते टीवायच्या अभ्यासक्रमात आहे. नियमाप्रमाणे एकूण क्रेडिटच्या निम्मी तरी मेजरची असतात, तेव्हा ते नीट बघून घे.

उद्याच्या उद्या एवढं कर. तिन्ही विषयांची टीवायची एकेक सीनियर गाठ आणि तिच्या वह्या, जर्नल, जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन ये. प्रश्नपत्रिका वाचताना उत्तर येतं का हे बघायचं नाही, येणारच नाही. ते उत्तर आपल्याला माहीत असावं असं वाटतं का, तेवढं बघ.

आणि आता मी विचारते ते खरं खरं सांग. वर्षभरात, परीक्षेला नसताना, कुणी सांगितलेलं नसताना तू काय वाचलंस?

तलाठी_आप्पा

मामाच्या मुद्द्यापुरतं लिहितो, कारण त्या खड्ड्यात मी सहा वर्षं काढली. (तिसऱ्या प्रयत्नात निघालो, सध्या नोकरीत आहे.)

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून युपीएससीसारखी वर्णनात्मक झाली. वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. त्यामुळे आता जो उठतो तो सांगतो की बी.ए.लाच ऑप्शनल पक्का करून टाक. पण पदवीचा विषयच वैकल्पिक घ्यावा असं बंधन ना इथे आहे ना तिकडे. आमच्या अभ्यासिकेत शेतकीवाला मराठी साहित्य घेऊन बसायचा आणि इंजिनिअर समाजशास्त्र घेऊन. शिवाय तुझे तिन्ही विषय त्या यादीत आहेत. म्हणजे स्पर्धा परीक्षा हे तुझ्या मेजरचं कारणच होऊ शकत नाही. मामाला माझा नमस्कार सांग.

अस्वस्थ_मधमाशी

मानसशास्त्रावर मी लिहिते, कारण ७८ मार्क बघून तुझा हात तिकडेच जाईल.

मी तोच विषय केला, एम.ए. केलं, आता एका शाळेत समुपदेशक आहे. काम मनापासून आवडतं. पण प्रवेश घेणाऱ्या दहातल्या आठ मुली एकच वाक्य म्हणतात, "मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं." अगं, ऐकून घ्यायला रिक्षावाल्या काकांनाही आवडतं. विषय तो नाही. विषय म्हणजे प्रयोग, जर्नल, चाचण्या, मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. संख्याशास्त्र टाळायला सायको घेतलेल्या आमच्या वर्गातल्या पाच जणी टीवायला संख्याशास्त्रासमोरच बसून रडल्या.

दुसरं म्हणजे नुसत्या बी.ए.वर, अगदी एम.ए.वरही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही. त्याला पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. त्या जागा मोजक्या, रांग लांब, आणि अभ्यासक्रमाचे नियमही सध्या बदलतायत. वाट चांगली आहे, पण घाट मोठा आहे. पायथ्याशीच गाडी तापत असेल तर वर नेऊ नये.

आईला बी.एड. हवं असेल तर हेही सांग, की पाचवी ते दहावीला मानसशास्त्र हा विषयच नाही. शाळेत शिकवायचं तर पदवीला शालेय विषय असलेला बरा. इतिहास चालतो. अकरावी-बारावीला शिकवायचं झालं तर त्या विषयाचं एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतं.

खळ्यावरची_चिमणी

@अस्वस्थ_मधमाशी ताई, खरं सांगू का, मीही मुलाखतीत तेच वाक्य म्हटलं होतं.

@फडताळ बाई, तुमच्या प्रश्नावर दोन तास विचार केला. कादंबऱ्या सोडल्या तर दोनच गोष्टी आठवल्या.

आमचा कांदा आहे, तीन एकर. मी बारावीला असताना, ८ डिसेंबर २०२३ ला, निर्यातबंदी आली. त्या वेळी लाल कांदा निघत होता. लाल कांदा उन्हाळीसारखा कांदाचाळीत भरून ठेवता येत नाही, सडतो. मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. बाबा लासलगावहून ट्रॅक्टर रिकामा करून आले की पट्टी (विक्रीची पावती) खुंटीला अडकवायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. तेव्हापासून मी रोजचे भाव वहीत लिहिते. किमान, कमाल, सर्वसाधारण आणि आवक किती क्विंटल. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण निर्यात शुल्क ठेवलं, तेही लिहिलंय. पुण्यात आल्यावरसुद्धा मोबाईलवर बघून लिहिते. का लिहिते ते मलाच माहीत नाही. आता दुसरी वही चालू आहे.

दुसरं म्हणजे इतिहासाच्या तासाला १८७५ च्या दख्खनच्या उठावाचं एक पान होतं. सरांनी दहा मिनिटांत उडवलं. मला ते फार लागलं. ग्रंथालयातून त्याच्यावर दोन पुस्तकं आणून वाचली. इंग्रजी अवघड होतं, पण वाचली. अभ्यासक्रमात तेवढं नव्हतं.

शाईचा_डाग

अगं, मग विचारतेस काय? तुझा विषय तूच लिहिलास की!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. लूट झालीच, पण त्यांना खरी हवी होती ती कर्जाची खतं, म्हणजे कर्जाचे कागद. ती मिळवून जाळली. मागची गोष्ट अशी, की अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच जुन्या जमाबंदीची, म्हणजे शेतसारा ठरवण्याची, तीस वर्षांची मुदत संपत आली होती, ती नव्याने करताना सरकारने साराही वाढवला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

आता तुझ्या वहीतल्या नोंदी यात बसवून बघ. दूर कुठेतरी एक निर्णय होतो आणि सुप्याचा नाहीतर लासलगावचा भाव पडतो. हा इतिहासच आहे. मेजर इतिहास घे, डोळे मिटून. सुट्टीत मोडी लिपी शीक. पुराभिलेखवाले शिकवतात, भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग असतात. पुण्यात राहून पेशवे दफ्तराच्या उंबऱ्याशी न जाणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा न बघणं. मी बी.ए. इतिहास, सध्या भाषांतरं आणि जुन्या दस्तऐवजांची लिप्यंतरं करतो. जमिनीच्या वादात मोडी वाचणाऱ्याला मागणी असते, पोट भरतं.

बे_एके_बे

शाईदादा, जरा थांबा. तुम्ही जे लिहिलंत त्यात कापसाचा भाव, पतपुरवठा, व्याज, सारा आणि बाजार आला. माझ्या भाषेत ह्याला अर्थशास्त्र म्हणतात.

चिमणे, मी एका बँकेच्या संशोधन विभागात आहे. तुझी वही वाचून मला हेवा वाटला. आमच्याकडे नवी मुलं येतात, त्यांना सॉफ्टवेअर येतं, पण आवक आणि भाव एका तक्त्यात ठेवून बघावे हे सांगावं लागतं. तू ते विनापगारी करतेस.

पण गोड बोलून फसवणार नाही. मुद्दा गणिताचा आहे. अकरावीला गणित सोडलं होतंस ना? कलाशाखेतल्या बहुतेकांनी सोडलेलं असतं. बी.ए. अर्थशास्त्र गणित न येताही पार पडतं, गाईड वाचून साठ-पासष्ट टक्के पडतात. पुढे मात्र भिंत आहे. गोखले इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचं कलिना, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, २०२१ पासून आयआयटीच्या जॅम या प्रवेश परीक्षेत आलेला अर्थशास्त्राचा पेपर, कुठेही जा, प्रवेश परीक्षेत कलन (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र समोर उभं राहतं. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला बसायचं तर मुळात पदव्युत्तर पदवीच लागते. म्हणजे भिंत चुकवता येत नाही. आत्तापासून रोज एक वीट काढली तर एम.ए.पर्यंत जाण्यापुरती फट पडते. एम.ए.च्या तोंडावर जागी झालीस तर नाही पडत.

म्हणून माझं मत असं. जे एकटीने पुस्तक घेऊन शिकणं अवघड, ते मेजर घ्यावं. जे तू न सांगता वाचतेसच, ते मायनर घेतलं तरी सुटत नाही. इतिहास तू सोडणार नाहीस. गणित मात्र कुणी बखोट धरून बसवलं नाही तर करणार नाहीस.

शाईचा_डाग

ही मांडणी मला पटत नाही, बेएके. म्हणजे इतिहास हा फावल्या वेळात वाचायचा आणि अर्थशास्त्र हे गंभीर काम? साधनं कशी तपासायची, चौकशी आयोगाचा अहवाल कोणाच्या नजरेने लिहिलाय, त्यात सावकाराचं म्हणणं किती आणि कुणब्याचं किती, हे "पुस्तक घेऊन एकटीने" येत नाही. तेही बखोट धरूनच शिकवावं लागतं. वाचनाची आवड वेगळी, शिस्त वेगळी.

बे_एके_बे

हे मान्य. "सुटत नाही" हा शब्द चुकला माझा. पण दरवाजांचं काय? इतिहासाकडून अर्थशास्त्राच्या एम.ए.कडे वळणं आणि अर्थशास्त्राकडून इतिहासाच्या एम.ए.कडे वळणं, यातलं सोपं कुठलं ते तुम्हीच सांगा. नियम विद्यापीठागणिक निराळे आहेत, मी नियमांचं बोलत नाहीये, झेपण्याचं बोलतोय.

शाईचा_डाग

दुसरं सोपं. पण म्हणून पहिलं चुकीचं ठरत नाही. हेमाशेपो.

(हेमाशेपो, म्हणजे "हे माझं शेवटचं पोस्ट", असं मी दर वेळी लिहितो, मनावर घेऊ नका.)

सदाशिवेतर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. प्लायवूडचेही भाव पडलेत, कुणी वही ठेवतं का?

जर्सीची_जाऊबाई

इकडचं थोडं सांगते. माझी धाकटी इथल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात आहे. इकडे मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा असतो. तोवर "अनडिक्लेअर्ड" राहणं अगदी राजमान्य. निरनिराळ्या विभागांतले थोडेथोडे विषय घ्यावेच लागतात. ती बायॉलॉजी म्हणत गेली आणि आता भूगर्भशास्त्रात रमली आहे, कारण एका सक्तीच्या कोर्समध्ये त्यांना दगड बघायला नेलं होतं.

तुमच्याकडे हे एका वर्षात उरकायला लावतात, म्हणून नाणी उडवायची वेळ येते. एरवी पोरगी गोंधळलेली वगैरे नाही. १९ व्या वर्षी आणखी काय होणार?

अवांतर: फी किती असं विचारू नका. आम्हीही एकमेकांना विचारत नाही.

कळलाव्या

शेवटी सगळे विषय घेऊन करणार काय, हा प्रश्न राहतोच.

फडताळ

कळलाव्या, १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एका मुलाने एम.ए. केलं. मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. मेजर आणि बाकीचे विषय, हीच पद्धत. पुढे त्यांनी काय केलं ते तुम्हाला ठाऊक असावं. नसेल तर कुठल्याही गावच्या चौकातल्या पुतळ्याच्या हातात पुस्तक कुठलं आहे ते बघून या.

चिमणे, दोघांचंही ऐकलंस. आता वह्या आणल्यास का, ते सांग.

खळ्यावरची_चिमणी

आणल्या. चार दिवस आले नाही म्हणून माफी, वाचत होते.

मानसशास्त्राच्या ताईचं जर्नल बघितलं. फार सुंदर अक्षर, फार सुंदर आकृत्या. मी वाचता वाचता झोपले. दोनदा. ७८ मार्क कसे पडले देव जाणे. हा विषय सुटला, आणि वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं, होस्टेलवरच्या सगळ्या एकत्र लेक्चरला जातील म्हणून.

इतिहासाच्या टीवायच्या प्रश्नपत्रिका वाचल्या. खरं सांगायचं तर अर्ध्या प्रश्नांशी माझं काही देणंघेणं नाही. कुठल्या तहाची कलमं वगैरे. उरलेल्या अर्ध्या प्रश्नांना मात्र मी पेन्सिलने उत्तरं लिहायला लागले. दुष्काळ, जमीनमहसूल, सहकारी चळवळ. सगळी एकाच जातीची निघाली. शाईदादा रागावू नका, पण मला राजे आवडत नाहीत, त्यांचे हिशेब आवडतात.

अर्थशास्त्राच्या वह्या बघून पोटात गोळा आला. सूत्रं आहेत, मला वाचताही येत नाहीत. पण कृषी अर्थशास्त्राचा एक पेपर आहे, त्यात शेतमालाच्या किमती, बाजार समित्या, साठवणूक. तो रात्री एक वाजेपर्यंत वाचला. पहारेकरी मावशींनी दिवा बंद करायला लावला.

तर भीती अर्थशास्त्राची नाही, गणिताचीच आहे. दहावीला गणितात ६१ होते. त्यात सरांची मेहेरबानी किती ते सरांनाच माहीत.

शाईचा_डाग

रागावलो नाही. हिशेब आवडणारी माणसं आमच्याकडे कमीच आहेत. पेशव्यांचे जमाखर्च वाचायला कुणीतरी हवंच. मायनर इतिहास घे आणि मोडी तेवढी शीक. ती अट समज.

बे_एके_बे

६१ पुरे आहेत. दिल्ली स्कूलचं नाव आज काढू नकोस. ई-बालभारतीवर अकरावी-बारावी कॉमर्सची गणित आणि संख्याशास्त्राची पुस्तकं आहेत, पीडीएफ फुकट उतरवता येतं. सायन्सचं घेऊ नकोस, घाबरशील. अकरावीचं फलन, सीमा, विकलन एवढंच कर, मग बारावीचं विकलजांचं उपयोजन. त्या प्रकरणात मागणीची लवचीकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) आणि सीमांत प्राप्ती (एक नग जास्त विकला की एकूण पैशांत पडणारा फरक) येते, तिथे पोचलीस की तुला तुझी वही दिसेल. रोज पाऊण तास. अडलं तर इथेच विचार. धागा तुझाच आहे.

आणि टीवायला ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) असते, तेव्हा बाजार समितीत नाहीतर एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत जायचं बघ.

खळ्यावरची_चिमणी

फॉर्म दिला. मेजर अर्थशास्त्र, मायनर इतिहास.

आई दोन दिवस बोलली नाही. तिला सांगितलं की मायनर इतिहास आहे, बी.एड.चा रस्ता पुरता बंद नाही. हे कितपत खरं ते मलाही चौकशी करूनच कळेल. बाबा एवढंच म्हणाले, "मग कांद्याचं काय होतं ते आम्हालाही सांग." मामाला तलाठी_आप्पांचा नमस्कार सांगितला, तो म्हणाला, "तुमचे आप्पा कुठल्या तालुक्याला आहेत?"

एक घोळ आहे. इतिहास मायनरला आत्तापर्यंत फक्त नऊ जणी आहेत. ऑफिसातल्या बाई म्हणतात, संख्या भरली नाही तर तुकडी होणार नाही, मग राज्यशास्त्र घ्यावं लागेल. मी होस्टेलवर दारोदार फिरतेय. दोघी पटल्यात.

तलाठी_आप्पा

तालुका सांगू नकोस. बदली व्हायचीय.

सदाशिवेतर

आमच्या वेळी सर स्वतः कॅंटीनमध्ये येऊन मुलं गोळा करायचे. चहा पाजून स्पेशलला बसवायचे. सांग तुझ्या सरांना, खर्च वीस रुपये.

खळ्यावरची_चिमणी

तेरा झाल्या! आता तुकडी होईल म्हणे.

@बे_एके_बे दादा, अकरावीचं विकलन कसंबसं संपवलं आणि न राहवून बारावीच्या त्या प्रकरणात शिरले. एका उदाहरणात अडलेय. मागणीचं फलन दिलंय, त्यावरून एका ठरावीक नगसंख्येला सीमांत प्राप्ती काढायची आहे. माझं उत्तर ऋण येतंय. तीन वेळा केलं, ऋणच. म्हणजे माल जास्त विकला तर एकूण पैसे उलट कमी? माझं विकलन चुकतंय की खरंच असं होतं?

बे_एके_बे

चुकत नाहीये बहुतेक. लवचीकता एकापेक्षा कमी असली की असंच येतं. तुझ्या वहीतल्या भरघोस आवकेच्या आठवड्यांत आवक गुणिले भाव करून बघ.

पायऱ्यांचा फोटो टाक तरी.